मुलींचा सामना, शनिवारी दुपारी १ वाजता, प्रवेश जवळजवळ फुकट

मकानगरी

मंडळी, पाल्हाळ होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या कॉलेजात ऑफिसची नोकरी करते. नाव सांगत नाही, कुणी ओळखलंच तर गप्प बसा. चार हिवाळे झाले, मुलींच्या बास्केटबॉल सामन्यांना मी दारावर उभी असते. पगार नाही, हौस आहे. तिकिटं स्कॅन करायची, पोरांच्या मनगटावर शिक्का मारायचा आणि बाथरूम कुठे ते सांगायचं.

मागच्या गुरुवारी स्कॅनर बंद पडला. मग माझ्या हातात ते अंगठ्याने दाबायचं मोजयंत्र दिलं, विमानात हवाईसुंदरीच्या हातात असतं तसलं. हाफटाइमपर्यंत टकटक करत होते. आकडा आला २६३. ह्यात कडेवरची बाळं आली, दोन्ही संघांचे आईबाप आले, आणि हाफटाइमला नाचणाऱ्या पहिली-दुसरीच्या वीस मुली व त्यांच्या आज्याही आल्या. नाच संपला तशा आज्या कोट चढवून नातींना घेऊन चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या साइटवर सामन्याचा तक्ता लागला. उपस्थिती : ८१२.

तिकीट खिडकीवरच्या मुलाला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, आपण माणसं मोजत नाही, गेलेली तिकिटं मोजतो. हंगामाची तिकिटं, प्रायोजक बँकेला दिलेला गठ्ठा, कर्मचाऱ्यांना फुकट वाटलेली, सगळी 'गेलेली'. बहुतेक कॉलेजं असंच मोजतात, मुलांच्या सामन्यांनाही. त्याला लबाडी म्हणता येत नाही, रीत आहे. पण त्या आकड्यावर पुढच्या वर्षाचं ठरतं, आणि ठरवणाऱ्यांपैकी दारावर कुणीच उभं नसतं.

तर आता मला 'प्रेक्षक वाढवा' समितीत घेतलंय. पहिल्याच बैठकीत एक साहेब म्हणाले, "आपल्याला एक केटलिन क्लार्क मिळाली की झालं." (केटलिन म्हणजे आयोवा विद्यापीठाची स्टार खेळाडू, जिला बघायला गर्दी लोटायची.) सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यांना ते खरंच वाटत होतं.

आमच्या जिममध्ये बाकांची गॅलरी घडीची आहे, भिंतीतून ओढून काढायची. मुलांच्या सामन्याला दोन्ही बाजू काढतात. मुलींच्या सामन्याला एकच बाजू, समोरची भिंतीत घडी घातलेली तशीच. पॉपकॉर्नचे काउंटर दोन, त्यातला एक बंद. बँड मुलांच्या प्रत्येक सामन्याला, मुलींच्या मोजक्या. म्हणजे आलेल्या माणसाला दारातच कळतं, की आज खरा कार्यक्रम नाही.

इथे आयोवा, कनेटिकट, कॅरोलिना, कुठले कुठले लोक आहेत. तुमच्याकडे गर्दी कशी झाली सांगा. "मार्केटिंग करा" सोडून काहीही.

हॉकआयकाका

मकानगरी, तुमच्या साहेबांना माझ्याकडे पाठवा. मी आयोवा सिटीत १९९१ पासून आहे.

केटलिनने गर्दी आणली हे अर्धंच खरं. ३ फेब्रुवारी १९८५ ला इथल्या कार्व्हर-हॉकआय अरिनात आयोवा विरुद्ध ओहायो स्टेट मुलींच्या सामन्याला २२,१५७ माणसं आली होती. अरिनाची क्षमता पंधरा-साडेपंधरा हजारांची! लोक पायऱ्यांवर बसले, कठड्याला टेकून उभे राहिले, अग्निशमनवाल्यांनी नंतर कॉलेजला झापलं. तेव्हा केटलिन जन्माला यायला १७ वर्षं होती. कोच होत्या व्हिव्हियन स्ट्रिंगर.

आणि ते बावीस हजार तरी आले कुठून? त्यासाठी अजून मागे जायला हवं. आयोवात शाळेच्या मुली 'सहा विरुद्ध सहा' बास्केटबॉल खेळायच्या. तीन मुली फक्त हल्ला करणार, तीन फक्त बचाव, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, आणि चेंडू दोनदाच आपटायचा. राज्यस्पर्धा १९२० पासून. १९२५ च्या सुमाराला राज्याच्या शालेय संघटनेने मुलींचे सामने बंद करायचं ठरवलं, तर खेड्यापाड्यातल्या शाळांच्या प्रमुखांनी उठून मुलींसाठी वेगळीच संघटना काढली. मोठ्या शहरांना ह्यात फारसा रस नव्हता. ज्या गावात एक धान्याचा कोठार, एक चर्च आणि एक शाळा, तिथे हिवाळ्यात शुक्रवारी रात्री दुसरं करणार काय? सगळं गाव जिममध्ये. मार्चमध्ये डे मॉइनच्या व्हेटरन्स ऑडिटोरियममध्ये राज्यस्पर्धा, आठवडाभर फुल्ल.

डेनिस लाँग नावाची युनियन-व्हिटनची पोर १९६८ मध्ये एका सामन्यात १११ गुण करून गेली. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सनी तिला चक्क पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडतात तिथे, उचललं! लीगच्या आयुक्तांनी ते रद्द केलं ही गोष्ट वेगळी.

हा सहाचा खेळ १९९३ ला बंद झाला. आमच्या शेजारच्या आजी त्यातल्या 'गार्ड'. म्हणजे अख्ख्या शाळकरी आयुष्यात बाईंनी बास्केटवर चेंडू मारलेला नाही, नियमच नव्हता. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचं हंगामाचं तिकीट. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा सगळे चेंडूकडे बघत होते आणि आजी बघत होत्या चेंडू नसलेल्या पोरीचे पाय. "ती आत्ता मागून कापत बास्केटकडे घुसणार बघ." आणि ती कापायचीच.

आजच्या आमच्या कोच जॅन जेन्सन त्याच खेळातल्या, शाळेच्या शेवटच्या वर्षी सामन्याला सरासरी ६६ गुण. त्यांच्या आधीच्या लिसा ब्लुडर, केटलिनच्या कोच, त्याही आयोवातल्या आणि सहाच्या खेळातून आलेल्या.

थोडक्यात, जमीन साठ-सत्तर वर्षं नांगरलेली होती. मधे पडीकही राहिली. १९९५ ला स्ट्रिंगर रटगर्स विद्यापीठात गेल्या आणि गर्दी ओसरली. त्यानंतर अनेक वर्षं मी वरच्या रांगेत पाय लांब करून, शेजारच्या खुर्चीवर कोट टाकून सामने बघितलेत. आणि केटलिनचा पहिला हंगाम २०२०-२१ चा, कोविडचा, बाकं रिकामीच. तिथून १५ ऑक्टोबर २०२३ ला किनिक ह्या फुटबॉलच्या मैदानावर डिपॉलविरुद्ध सरावाचा सामना, उघड्यावर, झोंबऱ्या वाऱ्यात, ५५,६४६ माणसं. मी होतो. कानटोपी विसरलो होतो.

खवचट_खंड्या

लेख छान, काकांचा प्रतिसाद त्याहून छान. पण एक खवचट प्रश्न. लोकांना बघायचं नाही, तर नाही ना? मराठी नाटकाला गर्दी होत नाही म्हणून आपण रडतो, तसंच हे. पुरुषांचा खेळ वेगवान, उंच उड्या, धडाधड डंक (उडी मारून चेंडू वरून बास्केटात कोंबायचा). बायकांचा त्यामानाने संथ. बाजार आपला निर्णय देतो. समित्या कशाला?

वेताळटेकडी

@खंड्या, बाजाराने निर्णय द्यायला माल दुकानात तर मांडायला हवा!

मी कनेटिकटात आहे, स्टॉर्सपासून चाळीस मिनिटांवर. यूकॉन म्हणजे गायींच्या कुरणात उभं केलेलं विद्यापीठ (त्यांच्या डेअरीचं आइस्क्रीम खायला लोक लांबून येतात, अवांतर). मुलींचे कोच जिनो ऑरिएमा इथे १९८५ ला आले तेव्हा कुणी विचारत नव्हतं. १९९५ ला ३५-० असा, एकही सामना न हरता हंगाम झाला, सगळ्यांना ते ठाऊक असतं. पण इथली जुनी माणसं दुसरंच कारण सांगतात. १९९४ पासून राज्याच्या सार्वजनिक टीव्हीने, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारख्या, पण लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीने, मुलींचे सामने दाखवायला घेतले. २०१२ पर्यंत दाखवत होते. केबल नको, पैसे नकोत, ठरलेली वाहिनी. बर्फात अडकलेल्या सत्तरीच्या आज्या-आजोबांना ह्या पोरी घरच्या वाटायला लागल्या. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची आई आजारी आहे, सगळं माहीत. मग ही मंडळी बस करून सामन्याला यायला लागली.

आता मकानगरींचे सामने कुठे दिसतात? पैसे भरून बघायच्या ॲपवर. म्हणजे ज्याला आधीच आवड आहे तोच शोधत जाणार. आणि जो पैसे भरून घरी बघतोय, तो उणे १५ मध्ये गाडी काढून येणार नाही. दोन्हीकडून मार.

पामेटो

कोलंबिया, साउथ कॅरोलिना. मी २००७ ला नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. दुसऱ्याच वर्षी डॉन स्टेली इथल्या विद्यापीठात मुलींच्या कोच म्हणून आल्या. पहिला हंगाम १० जिंकले, १८ हरले. अठरा हजारांच्या अरिनात तुमच्या २६३ सारखंच वाटायचं, आवाज घुमायचा नुसता.

२०१४-१५ मध्ये प्रेक्षकांच्या सरासरीत आम्ही देशात पहिले आलो आणि तेव्हापासून पहिलेच आहोत. केटलिनच्या शेवटच्या हंगामातसुद्धा, जेव्हा आयोवाचं एकेक तिकीट संपलं होतं! (हॉकआयकाका, रागावू नका, आमचं घर तुमच्यापेक्षा मोठं आहे एवढंच.) विजेतेपदं २०१७, २०२२ आणि २०२४ ची. म्हणजे बघा, आम्ही पहिल्या क्रमांकावर आलो तेव्हा एकही विजेतेपद नव्हतं.

बाईंनी काय केलं? मला दिसलं ते सांगते. त्या प्रेक्षकांना 'फॅन्स' म्हणत नाहीत, 'फॅम्स' म्हणतात, कुटुंबातली माणसं. सामना संपल्यावर थांबतात. इथली कृष्णवर्णीय चर्चमंडळी, निवृत्त शिक्षिका, अशा गटांनी येतात. माझ्या पुढच्या रांगेत चौघी मैत्रिणी असतात, सगळ्या सत्तरीपुढच्या, एकीकडे ऑक्सिजनची नळी. ती पंचांना जे बोलते ते इथे लिहिता येणार नाही.

आणि घरची पोर. आमची स्टार खेळाडू एजा विल्सन इथून जवळच्याच हॉपकिन्सची. देशभरातली कॉलेजं मागे लागलेली असताना घराजवळ राहिली. आज अरिनाबाहेर तिचा पुतळा आहे. पुतळ्यापाशी रविवारच्या सामन्याआधी फोटोसाठी रांग लागते, फ्रॉक घातलेल्या छोट्या मुलींची.

एक कडू गोष्टही सांगते. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या दोन फेऱ्या पहिल्या सोळा मानांकित संघांच्या घरी होतात. आम्हाला ते सामने घरी मिळतात, गर्दी वाढते, गर्दी बघून चांगल्या मुली येतात, पुन्हा मानांकन. मकानगरींच्या कॉलेजला हे कधीच मिळणार नाही. आमची गर्दी बघून त्यांनी शिकावं असं फार थोडं आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

मकानगरी

पामेटो, प्रामाणिकपणाबद्दल आभार! हेच मला समितीत सांगायचंय. केटलिनचा सामना टीव्हीवर बघणारा माणूस आमच्या दारात येत नाही. २०२४ च्या अंतिम सामन्याला १ कोटी ८९ लाख लोक होते टीव्हीपुढे, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा चाळीस लाख जास्त. त्याच महिन्यात आमच्या कोचने मला विचारलं, जुन्या जर्सी कोणत्या शाळेला देता येतील का.

@खंड्या, संथपणाचं उत्तर आजींनी दिलंय. डंक बघायला पायांकडे बघावं लागत नाही.

ग्रॅडगणू

पोरांच्या बाजूने मी बोलतो. (इंडियानात एमएस, सध्या फुकट पिझ्झ्यावर जगतोय.)

आमच्याकडे ॲप आहे. सामन्याला गेलात की गुण, गुण साठले की टी-शर्ट. मग पोरं काय करतात? येतात, फोन दाखवतात, टी-शर्ट घेतात, मागच्या दाराने बाहेर. मीही केलंय. लाज वाटते असं म्हणणार नाही.

एकदा बाहेर पाऊस होता म्हणून आम्ही चौघे देशी बसून राहिलो. आमचं सगळं क्रिकेट. चौथ्या क्वार्टरमध्ये आमच्या संघाची एक बुटकी मुलगी, पाच फूट तीन-चार इंच, दर वेळी स्वतःपेक्षा फूटभर उंच मुलीसमोर उभी राहून धक्का खायची आणि पडायची. आम्हाला वाटलं हिला मारतायत. शेजारच्या काकांनी सांगितलं, अरे ती मुद्दाम पाय रोवून वाटेत उभी राहते, धडकली की चूक समोरचीची. दोन वेळा तसं झालं, समोरची बाहेर गेली आणि आम्ही बाकावर उभे! त्यानंतर पाच सामने बघितले. फुकट टी-शर्टने जे झालं नाही ते त्या काकांच्या एका वाक्याने झालं. माइकवरचा माणूस प्रायोजकांची नावं वाचतो, खेळ कुणी समजावत नाही.

दुसरं, वेळापत्रक. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कॉलेजला सुट्टी. आणि कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी होणारे सामने नेमके तेव्हाच रंगात येतात. वसतिगृहं रिकामी, विद्यार्थ्यांची बाकं रिकामी. ह्यात मुलींची काय चूक?

दोनमुलींचीआई

गणू, हसून पुरेवाट. टी-शर्ट घेऊन पळणाऱ्यांत आमचा मुलगाही असणार.

मला एक गोष्ट कुणी बोललं नाही ह्याचं आश्चर्य वाटतंय. ह्या सामन्यांना हक्काने यावा असा प्रेक्षक कोण? बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुली. त्या शनिवारी कुठे असतात? खेळत असतात! माझ्या दोघी पाचवी आणि सातवीत. नोव्हेंबर ते मार्च प्रत्येक शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या गावात स्पर्धा. सकाळी ७ ला निघायचं, डब्यात थेपले, चार सामने, दोन जिम, घरी संध्याकाळी ६. आमच्या घरापासून बारा मिनिटांवर कॉलेज आहे. मुलींनी तिथला एकही सामना बघितलेला नाही. एकही!

म्हणजे ज्या पोरींना 'तुम्ही अशा व्हाल' म्हणून दाखवायचं, त्या पलीकडच्या गावात केळं खात पुढच्या सामन्याची वाट बघत असतात.

संत्रानगर

नागपूरकर इथेही आहेत हे सांगण्यासाठी हात वर करतो.

माझी बहीण विद्यापीठाकडून खेळायची. आमच्याकडे बास्केटबॉलला माणसं यायची, कारण कोर्ट उघडं असायचं. भिंतीवर बसायचं, सायकलला टेकून बघायचं, तिकीट नाही, दार नाही. पोहेवाला कोर्टाला लागूनच. इथे सगळं बंद इमारतीत. जाणाऱ्या-येणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसतच नाही. मुद्दाम ठरवून जावं लागतं, आणि ठरवून माणूस फक्त मोठ्या गोष्टीला जातो.

बाकी आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारतीय बास्केटबॉल संघाची कप्तान राहिलेली आहे, हे इथल्या किती जणांना माहीत होतं? खरं सांगा.

खवचट_खंड्या

नव्हतं माहीत. खरं सांगितलं.

पण माझा मूळ मुद्दा शिल्लक आहे. २०२३ ला महिलांच्या क्रिकेट लीगचं पहिलं वर्ष, डी. वाय. पाटीलवर बायकांना प्रवेश फुकट. गर्दी झाली, मान्य. फुकट असेल तर गर्दी होतेच. धंदा कुठे झाला?

वेताळटेकडी

धंद्याचंच बोलू. २०२१ मध्ये सॅन अँटोनिओत मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत व्यायामाला दिलेली डंबेल्सची एक चिमुकली उतरंड, आणि इंडियानापोलिसला मुलांना दिलेलं अख्खं व्यायामगृह. ओरेगनच्या सिडोना प्रिन्सने त्याचा व्हिडिओ टाकला आणि बोंब झाली. मग चौकशीला वकील नेमले. त्यांच्या अहवालात खरा बॉम्ब निघाला : ईएसपीएन ही क्रीडावाहिनी वर्षाला ३.४ कोटी डॉलर देऊन २९ स्पर्धांचे हक्क एका गठ्ठ्यात घेत होती, त्यात मुलींचं बास्केटबॉल इतरांबरोबर बांधलेलं. अहवालाच्या अंदाजाने ते एकटंच २०२५ मध्ये वर्षाला ८.१ ते ११.२ कोटींचं होतं! 'मार्च मॅडनेस' हे राष्ट्रीय स्पर्धेचं गाजलेलं नावसुद्धा २०२२ पर्यंत मुलींना वापरू देत नव्हते.

म्हणजे बाजाराने निर्णय दिला नव्हता, खंड्याशेठ. भाजीच्या जुडीबरोबर कोथिंबीर फुकट द्यावी तसं दिलं होतं, आणि मग म्हणायचं कोथिंबिरीला भाव नाही.

आता नवा करार आहे, ८ वर्षांचा, ४० स्पर्धांचा, ९२ कोटींचा, त्यात मुलींच्या बास्केटबॉलची किंमत वर्षाला साडेसहा कोटी धरलीय. अजूनही गठ्ठ्यातच, पण निदान चिठ्ठी लावलीय. आणि जानेवारी २०२५ मध्ये कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या नॅशव्हिलच्या अधिवेशनात ठराव झाला, की २०२५ च्या स्पर्धेपासून मुलींच्या संघांनाही जिंकल्याचे पैसे मिळणार, पहिल्या वर्षी दीड कोटींचा निधी. मुलांना हे गेली कित्येक वर्षं मिळतंय. तोपर्यंत मुलींचा संघ कितीही जिंकला तरी कॉलेजच्या गल्ल्यात त्याबद्दल दमडी येत नव्हती. मग दुसरा पॉपकॉर्न काउंटर कोण उघडणार?

खवचट_खंड्या

कोथिंबीर पटली. गप्प बसतो. (थोडा वेळ.)

हॉकआयकाका

बादलीची गोष्ट सांगायची राहिली, मकानगरींना बँड मिळत नाही म्हणून आठवली. फिलाडेल्फियाजवळ इमॅक्युलाटा नावाचं नन्सनी चालवलेलं छोटं कॉलेज. १९७२ पासून ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदं. बँडबिंड कुठला? एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, त्यांनी लोखंडी बादल्या आणल्या. झगे घातलेल्या नन्स गॅलरीत बसून बादल्या बडवायच्या. २२ फेब्रुवारी १९७५ ला हे प्रकरण न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, क्वीन्स कॉलेजविरुद्ध, जवळपास बारा हजार प्रेक्षक. बादल्यांसकट.

आपल्याकडे तर ताशा आहे. मंडळाच्या गणपतीचा ढोल वर्षातले अकरा महिने कुणाच्या तरी गराजमध्ये धूळ खात असतो.

मकानगरी

काका!!! ढोल आमच्याच गराजमध्ये आहे.

थोडा वृत्तान्त. समितीत तीन गोष्टी मांडल्या. समोरची गॅलरी उघडा : नाही म्हणाले, काढा-घालायला चार माणसं लागतात, त्यांचा ओव्हरटाइम. माइकवरच्याने नियम समजावावेत : हो म्हणाले, फुकट आहे ना. आणि शाळांना बोलवा.

शाळांचं जमलं. मंगळवारी सकाळी ११ चा सामना, जिल्ह्यातल्या चौदा शाळांच्या तिसरी-चौथीची पोरं, पिवळ्या बसची रांग पार हायवेपर्यंत. अशा सकाळच्या सामन्यांची पद्धत बऱ्याच कॉलेजांत आहे, आमच्याकडे पहिल्यांदाच. मी चार वर्षांत ऐकला नाही असा आवाज. पोरं दोन्ही संघांसाठी ओरडत होती. घड्याळासाठी ओरडत होती. पंचाच्या बुटाची नाडी सुटली, तर त्यासाठीसुद्धा. आमची सेंटर खेळणारी मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहून हसायलाच लागली. दोन्ही चुकवले. कोचने काही म्हटलं नाही.

दुपारी १ ला बसेस गेल्या. बाकांखाली एकवीस हातमोजे सापडले, त्यात जोडी एकही नाही. साहेब खूश, "१,९००!" म्हणाले. मी विचारलं, ह्यातली किती पोरं शनिवारी आईबापांना घेऊन येतील, तिकिटावर काही सवलत लिहून दिली का? तर नाही. पोरांच्या हातात काहीच दिलं नव्हतं. पुढच्या सामन्याची तारीखसुद्धा नाही.

पण दोनमुलींचीआई, तुमचं वाचून मी जिमवाल्यांच्या मागे लागले. कॉलेजची जुनी जिम शनिवारी रिकामी असते. १८ जानेवारीला तिथे पाचवी ते सातवीच्या मुलींची स्पर्धा सकाळी ८ ते १२. मग दोन इमारती ओलांडून १ चा सामना, जर्सी घालून आलात तर फुकट, आईबापांना ५ डॉलर. पाच मुद्दाम ठेवलेत. फुकट दिलेलं तिकीट गाडीच्या सीटखाली जातं, हे मी चार वर्षं बघतेय.

दोनमुलींचीआई

आम्ही येतोय!! तीन तासांचं ड्रायव्हिंग आहे, तरी येतोय. मुलींच्या संघाची नावं दिली.

संत्रानगर

अहो पण १८ ला तुमच्या मंडळाची संक्रांत आहे ना? माझी मेहुणी तिकडेच असते, तिचा फोन आला होता.

मकानगरी

आहे. हळदीकुंकू ४ ला. सामना फार तर ३ ला संपतो आणि हॉल दहा मिनिटांवर. मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय, "काळ्या साड्या नेसून थेट सामन्याला या, आमच्या संघाचा रंगही काळाच आहे." सात जणींनी अंगठा दाखवलाय.

पामेटो

तिळगूळ आत नेता येतो का? आमच्याकडे बाहेरचं खाणं अडवतात.

मकानगरी

आमच्याकडेही अडवतात. दारावर मीच असते.

ग्रॅडगणू

१८ चं काय झालं? धागा वर काढतोय.

मकानगरी

स्कॅनर दुरुस्त झालाय, तरी मोजयंत्र मागून घेतलं. ४०७. त्यात अकरा काळ्या साड्या. एका पोरीने विचारलं, ह्या नन आहेत का. ढोल आत नेऊ दिला नाही, आगीचा नियम म्हणे, आगीचा आणि ढोलाचा संबंध मला कळला नाही. दुसरा पॉपकॉर्न काउंटर उघडला होता, कारण रांग दाराबाहेर गेली. आम्ही सहा गुणांनी हरलो.

तिळगूळ हाफटाइमलाच संपला. आमच्या सेंटरने दोन घेतले, "गोड गोड बोला" म्हणायला शिकवलं तर तिने ते समोरच्या संघाच्या मुलीला म्हणून दाखवलं.

साइटवर उपस्थिती : ९०३.

खवचट_खंड्या

म्हणजे ४९६ माणसं अदृश्य. त्या गुरुवारी ५४९ होती. कमी होतायत की.